बोरमच्या बापाची एकुलती प्रत

आमच्या न्यू मीडिया विभागात माणसं भात कमी आणि सिद्धांत जास्त खातात. मी इथे पीएचडीच्या नावाखाली इतकी वर्षं काढलीत, की नवी पोरं मला ताई म्हणतात आणि शिपाई मला फर्निचर समजतो. तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे.

आमच्या मास्टर्सच्या वर्गातली बोरम दक्षिण किनाऱ्यावरच्या तोंगयोंग गावची. घरची कालवांची शेती, समुद्रात दोर सोडून करतात ती. बाप तीन वर्षांपूर्वी लिव्हरनं गेला. त्याला कॅमेऱ्याचं इतकं वावडं, की श्राद्धाला टेबलावर ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून ठेवतात. त्यात तो पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो. पण बोरमच्या फोनमध्ये त्याचा एक छोटा व्हिडिओ होता. धक्क्यावर बसून बाप कालवं भाजतोय, मध्येच वर बघून हसतो आणि म्हणतो, ठेव तो फोन, ये, गरम आहे तोवर खा. बस्स, एवढंच. आईला रडू कोसळेल म्हणून तिनं तो आईला कधी दाखवला नव्हता.

मास्टर्सच्या प्रदर्शनासाठी तिनं तोच व्हिडिओ घेतला. पडद्याच्या वर एक कॅमेरा. समोर कुणाचा चेहरा आला की चित्रातले आणि आवाजातले थोडे कण कायमचे पुसले जायचे. जितकं जवळ जाल तितके जास्त. माणसाची आठवण काढून काढूनच झिजते, असं तिचं म्हणणं. कल्पना चांगली होती, नाही कशाला म्हणू?

वसंतातल्या परीक्षणात प्यो सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, याची दुसरी प्रत आहे का? ती हो म्हणाली. मग हे नाटक झालं, सर म्हणाले, ज्या मरणाला स्पेअर आहे ते मरण कसलं! सगळे हसले. डिजिटल वस्तू मरत नाही म्हणून ती जगतही नाही, हा सरांचा लाडका सिद्धांत. त्यावर त्यांची दोन जाडजूड पुस्तकं आहेत आणि त्या पुस्तकांच्या मात्र भरपूर प्रती आहेत.

बोरमनं तिथल्या तिथे फोनमधला, क्लाउडवरचा, हार्डडिस्कवरचा व्हिडिओ सगळ्यांसमोर पुसून टाकला. उरली ती फक्त पडद्यामागच्या मशीनमधली प्रत. वर्गात टाळ्या पडल्या. दुसरीकडे कुठे हा वेडेपणा कुणी केला नसता, पण आमच्याकडे नाकापेक्षा मोती जड.

जिन्यात गाठून मी तिला झापलं. म्हटलं, अगं, अजून वेळ आहे, मशीनमधून एक प्रत काढून ठेव, कुणाच्या बापाला कळणार आहे!

"मला कळेल ना, ताई," ती म्हणाली. "आणि बाबा तरी कुठे दोनदा गेले?"

आईला तिनं प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी यायला सांगितलं होतं. तोवर काही उरणार नाही, बघून रडण्यापेक्षा न बघितलेलं बरं, असा हिशेब. पण आयांना कुठला आलाय हिशेब? काकू पहिल्याच दिवशी सकाळच्या बसनं हजर. एका हातात फुलं, दुसऱ्या हातात किमची आणि कालवांचा डबा. बोरम वरच्या मजल्यावर तोंडी परीक्षेला बसलेली, आणि दाराशी टेबल मांडून बसलेली मी. पोरीनं काय केलंय बघू, म्हणत त्या आत गेल्या आणि पडद्यासमोर थबकल्या.

"हा कुठून आला?" त्या एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, काकू, जरा मागे या, हे लांबून बघायचं असतं. त्या आज्ञाधारकपणे मागे सरकल्या. पण चित्र फिकट होत गेलं तशा पुन्हा पुढे आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट गेलं म्हणाल्या, सगळं धुरकट दिसतंय. आणि नीट दिसावं म्हणून आणखी जवळ गेल्या. तुमच्या बघण्यानंच तुमचा नवरा पुसला जातोय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी धावत वर गेले आणि परीक्षेच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं. आई आलीय तुझी, एवढंच म्हटलं आणि बोरम खुर्ची ढकलून उठली.

ती खाली आली तेव्हा आईचं नाक पडद्याला टेकायचं तेवढं बाकी होतं. बापाचा खांदा गेला होता, कालवं भाजायची शेगडी गेली होती. उरलं होतं अर्धं हसू. बोरमनं सरळ भिंतीतल्या प्लगला हात घातला. पास नापास गेलं खड्ड्यात, असं तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, आणि मला हायसं वाटलं.

"बंद करू नकोस गं," आई मागे न बघता म्हणाली. "बोलतोय तो. खायला बोलावतोय."

बोरमचा हात प्लगवरच राहिला. ओढला असता तर थोडा बाप वाचला असता. पण आई तीन वर्षांनी त्याचं बोलणं ऐकत होती. बोरमनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं हात काढून घेतला.

मागून परीक्षक आले होते. प्यो सर हलक्या आवाजात म्हणाले, हेच, हेच तर हवं होतं. त्यांनी त्या मायलेकींचा फोटोही काढला. त्या क्षणी त्यांचा चष्मा पायाखाली चिरडावा असं मला वाटलं. त्या वर्षी सर्वांत जास्त गुण बोरमलाच मिळाले.

पडदा राखाडी झाला. आवाज आधीच गेला होता. काकू तरीही बघत होत्या. त्यांनी रुमालानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं, मग पडद्यावर हात फिरवला.

"कुठे गेला गं? मला काहीच दिसेना."

"डोळे थकलेत तुझे, आई," बोरम म्हणाली. "डॉक्टरांना दाखवू."

"हो, दाखवू." काकूंनी डबा उचलून लेकीच्या हातात दिला. "मग डोळे बरे झाले की परत लावशील ना हे?"

"लावीन," बोरम म्हणाली.