बिनआकड्याचं पाकीट

पगार पाकिटातून मिळत होता तोवर शिवणबाईचं ठीक चाललं होतं. ठीक म्हणजे काय, ओढाताण होतीच, पण ती तिच्या स्वतःच्या हातातली होती.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागे एक लांबट खोली होती. एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि टांगलेल्या कोटांची भिंत. तिथं बसून ती दिवसभर लोकांच्या पँटी लांब-आखूड करायची, तुटलेल्या चेनी बदलायची आणि पोट सुटलेल्या साहेबांच्या कोटाची शिवण उसवून आत दुमडलेलं बोटभर कापड बाहेर काढून द्यायची. एक तारखेला मालक तिच्या हातात पांढरं पाकीट ठेवायचा. त्यावर नाव नसायचं, आकडाही नसायचा, कारण मालकाला लिहायचा कंटाळा. त्याच्या त्या आळसावर तिचा संसार अकरा वर्षं सुरळीत चालला.

मशीनच्या खणात बॉबिनचा डबा होता. पाकीट मिळालं की त्यातला सहावा हिस्सा त्या डब्यात जायचा आणि बाकीचं पाकीट घरी नवऱ्याच्या हातात. नवरा एका गोदामात कारकून. मारणारा नाही, ओरडणारा नाही. तो फक्त विचारायचा. "हे कशाचे? ते कुणाला दिलेस? आणि एवढे का?" आवाज अगदी मऊ. मऊ आवाजाच्या माणसाशी धड भांडताही येत नाही, हा वर आणखी ताप.

सहावा हिस्सा जायचा ताईच्या खोलीभाड्याला. ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच हिला वाढवलं, तिनंच हिचं लग्न लावून दिलं. तेरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या डोक्यात दुकान काढायचं भूत शिरलं आणि कर्जाला जामीन राहा म्हणून तो ताईकडे गेला. ताई चार माणसांत म्हणाली, "दुकान काढण्याआधी सकाळी उठायला शीक." बोलली ते खरंच होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. त्या दिवसापासून ताईचं नाव घरात बंद झालं. पुढं ताईचे गुडघे गेले, काम सुटलं आणि हा सहावा हिस्सा सुरू झाला. महिन्यातून एकदा "दोरे आणायला जाते" असं सांगून शिवणबाई बस धरायची आणि नोटा ताईच्या हातावर ठेवून यायची. ताई मानी. बहिणीनं चोरून आणलेल्या पैशाला ती शिवली नसती. म्हणून हिनं तिलाही एक थाप मारून ठेवली होती, "तोच देतो गं. फक्त तुझ्यासमोर यायला लाजतो." ताईला ते पटलंसुद्धा. माणूस आळशी आहे पण मनाचा मोठा आहे, असं ती शेजारणीला सांगायची.

मग मालकानं जाहीर केलं, "पुढच्या महिन्यापासून पगार खात्यावर. गिऱ्हाइकं नोट देत नाहीत, मी कुठून आणू?"

"थोडा हाती, थोडा खात्यावर असं नाही का जमणार?" तिनं विचारून पाहिलं.

"बाई, कॉम्प्युटरला थोडा-थोडा कळत नाही."

खातं नवरा-बायकोचं एकत्र. पैसे येवोत की जावोत, मेसेज दोघांच्या फोनवर. वेगळं खातं काढावं, तर कागदपत्रं घरच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली नवऱ्याच्या खिशात. तिनं फार डोकं चालवलं नाही. दिवसाला चौदा पँटी केल्यावर डोकं चालवायचं म्हटलं तरी ते जागचं हलत नाही.

एक तारखेला मशीनवर असतानाच फोन टिंग करून वाजला. घरी जाताना वाटभर ती उत्तरं जुळवत होती. दार उघडलं तर नवरा हसत उभा.

"अगं, पगार वाढला आणि बोलली नाहीस?"

ती दारातच चपला काढू लागली.

"अकरा वर्षं राबलीस, शेवटी मालकाला लाज वाटली म्हणायची," तो म्हणाला. त्यानं शेजारी दोन घरांत सांगूनही टाकलं होतं. शेजारीण दारातूनच म्हणाली, "आता पार्टी पाहिजे हं!" रात्रीच्या जेवणाआधी त्यानं नव्या फ्रीजचा हप्ताही ठरवून टाकला. हप्ता बरोबर त्या सहाव्या हिश्शाएवढा. लबाडी पकडली गेली असती तर शिवणबाईनं सोसलं असतं. हे कौतुक तिला सोसवेना.

पुढचे दहा दिवस ती नोटा शोधत फिरली. इस्त्रीवाल्याला म्हणाली, "तुझ्या फोनवर पाठवते, मला रोख दे. घरी सांगेन, तुला उसने दिले."

"माझ्याकडे शेवटची नोट होती ना बाई, ती खिशात राहून मशीनमध्ये धुतली गेली," तो म्हणाला. हसला, मग तिचा चेहरा बघून इस्त्रीकडे वळला.

पूर्वी गिऱ्हाइकं काम आवडलं की वर चार नाणी ठेवायची. आता ती भिंतीवरच्या चौकोनी कोडपुढं फोन धरून म्हणायची, "तुमच्यासाठी जास्तीचे टाकलेत हं, मावशी." टाकलेले असायचे, पण मालकाच्या खात्यात.

शेवटी रिकाम्या हातानं ती ताईकडे निघाली. ताईला काय सांगायचं एवढंच डोक्यात होतं. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "रोख बंद, मावशी. फोन काढा." मागची माणसं खोळंबली होती. तिनं फोन काढला, पैसे भरले आणि खिडकीशी जाऊन बसली.

ताई खाटेवर पाय सोडून बसली होती. हिनं तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "आलीस ते बरं झालं. घरमालकीण म्हणते, आता नोटा घेणार नाही. तो बघ, कागद चिकटवून गेलीय. त्यावर फोन धरून भरायचं म्हणे. उद्यापर्यंत आलं नाही तर खोली रिकामी करा. माझ्या या डबड्यावर कसलं आलंय भरणं!" उशीजवळच्या बटणांच्या फोनकडे तिनं बोट केलं. "तू नवऱ्याला फोन लाव. मीच बोलते. इतकी वर्षं केलं त्यानं, निदान आभार तरी मानते."

"ताई, थांब जरा."

तेवढ्यात हातातला फोनच वाजला. नवरा.

"अगं, बसचं तिकीट दिसतंय," तोच मऊ आवाज. "एवढे पैसे म्हणजे शेवटच्या थांब्यापर्यंतचं. तिकडे कोण आहे आपलं?"

तिला एक थाप लगेच सुचली. तिकडे दोरे स्वस्त मिळतात, अशी. ती बोलायची म्हटलं तर चारच शब्द पुरले असते, पण तेवढाही जोर तिच्यात उरला नव्हता. ती इतकी दमली होती.

"ताई आहे," ती म्हणाली. "ताईकडे आलेय."

त्यानं विचारलं, "पगार वाढला म्हणून लगेच तिच्याकडे?"

"पगार वाढलेला नाही. मी तुम्हाला कमी सांगत होते. अकरा वर्षं. वरचे पैसे तिच्या भाड्याला द्यायचे."

खाटेवर ताई ताठ बसली. "म्हणजे तो देत नव्हता?"

"नाही गं."

"आणि मी मेली गावभर त्याचे गोडवे गात फिरले!" ताईचे डोळे भरले होते, पण ती बहिणीकडे बघत होती. "तू एकटीनं केलंस?"

"हॅलो," नवरा फोनवर म्हणाला. "मी काय विचारतोय?"

"एक मिनिट थांबा," शिवणबाई म्हणाली. फोन चालू ठेवूनच तिनं तो भिंतीवरच्या कागदासमोर धरला, भाड्याचा आकडा घातला, पिन घातला. पैसे गेले. नवऱ्याच्या फोनवर टिंग झालेली तिला इथं ऐकू आली.

"आला ना मेसेज?" तिनं विचारलं. "तो भाड्याचा. दर महिन्याला येईल. आणि संध्याकाळी एक येईल, तो माझ्या परतीच्या तिकिटाचा."