जिन्याच्या खुर्चीची किंमत

जिन्याला खुर्ची बसवून घ्यायची किंमत म्हणून कंपनीने आधी आमचं स्वयंपाकघर नेलं.

दोन माणसं आली. त्यांनी ओटा, खिडकी आणि खिडकीतलं ऊन एकावर एक दुमडलं, सुतळीने बांधलं आणि टेंपोत ठेवलं. स्वयंपाकघर होतं तिथे करडं काहीतरी उरलं. त्याच्याकडे पाहिलं की नजर कुठे टेकतच नसे.

अप्पा वर होते. बाथरूममध्ये पडून त्यांचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि संडास वरच्या खोलीला लागून म्हणून त्यांची कॉटही वरच टाकली. त्यानंतर ते खाली आलेच नाहीत. जनावरांचे डॉक्टर म्हणून उभा जन्म कराडात गेलेला माणूस. निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसायचे, आणि फाटकाशी थांबून कोणी ना कोणी म्हशीचं, शेळीचं विचारायचं. आता ते छताकडे बघत पडून असत.

"शरू, मला एकदा खाली ने," एवढंच म्हणत.

म्हणून जिन्यावर रुळावरून वर-खाली जाणारी खुर्ची बसवणाऱ्या कंपनीला मी फोन केला होता. सोनटक्के नावाचे गृहस्थ टेप घेऊन आले. त्यांनी जिना मापला, भिंत ठोकून पाहिली.

"पैसे किती?" मी विचारलं.

"पैसे नाही घेत आम्ही. खोल्या घेतो," ते म्हणाले. "हप्त्याने दिल्यात तरी चालेल."

वर जाऊन मी अप्पांना सांगितलं.

"देऊन टाक. खाली वापरतंय कोण?"

"मी वापरते, अप्पा."

ते पुन्हा छताकडे बघू लागले. मी होकार कळवला.

स्वयंपाकघराच्या बदल्यात वरून वळणापर्यंत रूळ बसला. शेगडी मी अप्पांच्या खोलीत नेली. मग वळण आलं. सोनटक्क्यांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि मान हलवली.

"सरळ जिना असता तर स्वस्तात झालं असतं. वळणाचा रूळ मुद्दाम घडवून घ्यावा लागतो."

वळणापायी हॉल आणि माझी खोली गेली. माझी खोली दुमडताना आतून माझ्या खोकल्याचा आवाज आला. मी अंथरूण वर नेलं आणि अप्पांच्या कॉटशेजारी जमिनीवर घातलं.

"व्हरांडा तरी ठेवा," मी सोनटक्क्यांना म्हणाले. "त्यांना तिथेच बसायचंय."

"मग खुर्ची शेवटच्या पायऱ्यांच्या वरच थांबेल. वडिलांना तिथून चालता येईल का?"

येणार नव्हतं. टेंपो परत आला. व्हरांड्याबरोबर बाहेरचं दार गेलं, फाटक गेलं आणि समोरचा रस्ताही निघून आला. तो चिकटलेलाच होता, असं ती माणसं म्हणाली. त्यानंतर मी शाळेत शिकवायला गेले नाही. जाणार कुठून? सोनटक्के मात्र येत राहिले. कुठून येतात ते मी विचारलं नाही.

खुर्ची बसली. अप्पांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. मी त्यांना खुर्चीत बसवून कमरेचा पट्टा लावला. बटण दाबलं तशी खुर्ची बारीक गुणगुणत उतरू लागली. मी बाजूने एकेक पायरी उतरत होते. वळणावर त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता.

शेवटच्या पायरीशी खुर्ची थांबली. पुढे ते करडं होतं, सगळीकडे. अप्पांनी त्यात बराच वेळ पाहिलं.

"कोणी जात-येत नाही आज," ते म्हणाले.

"नाही."

"बाजार असेल."

मी पायरीवर त्यांच्याजवळ बसले. ते थोडे पुढे झुकले आणि त्या करड्यात कोणाला तरी सांगू लागले, की व्यायलेल्या म्हशीला दोन दिवस गार पाणी दाखवू नका. सांगताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा भरदार झाला होता. सांगून झाल्यावर उत्तराची वाट पाहत ते थांबले. उत्तर आलं नाही. त्यांचे खांदे पडले.

"दमलो गं. वर ने आता."

मी बटण दाबलं. खुर्ची चढू लागली. वळण आलं तेव्हा मला वरचं दिसलं. ती दोन माणसं अप्पांची खोली दुमडत होती. कॉट आत गेली होती, दिवा घड्यांमध्ये अजून पेटलेला होता. जिन्याच्या तोंडाशी सोनटक्के सुतळी घेऊन उभे होते.

"देखभालीचं वेगळं पडतं," ते हळू आवाजात म्हणाले. "बोललो नव्हतो का?"

मी खुर्ची थांबवायचं बटण दाबून धरलं. खुर्ची गुणगुणत चढतच राहिली, आणि आता उतरायचं म्हणून अप्पा कमरेचा पट्टा सोडू लागले.