कागदी भोपळ्याच्या पोटावरची रेघ

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. पण माझ्या पोटात ना बी आहे, ना गर, आणि मी कोणत्याही वेलीला कधी लागलो नाही. मी कागदाच्या लगद्याचा आहे. नाकाशी नेलेत तर मला अजूनही मेथीचा मंद, कडसर वास येतो. माझा नारंगी रंग आता विटला आहे, देठाशी पोपडे सुटले आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अल्फारेटा नावाच्या गावी, एका घरातल्या कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. येथवर सहसा कुणाचा हात पोहोचत नाही, म्हणून आज तुमच्यापाशी बोलतो आहे.

माझा जन्म २००३ सालच्या ऑक्टोबरातला. दिवाळी नुकतीच सरली होती आणि हॅलोविन तोंडावर आला होता. त्या दिवसांत इथे घरोघरी दारात भोपळे मांडतात. ते पोखरून, त्यांना डोळे-तोंड कोरून आत दिवा ठेवतात आणि मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. माझ्या घरच्या सहा वर्षांच्या नैनाने शाळेच्या सहलीतून एक गोल गरगरीत भोपळा आणला आणि आईपुढे ठेवला.

तिच्या आईने, नंदाने, सुरी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. तिच्या माहेरी, कराडला, अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही अशी रीत होती. पुरुषाने एक चीर द्यायची, मग बायकांनी चिरायचा. नंदाचा या रीतीवर विश्वास होता असे मी म्हणणार नाही. पण तिचा हात धजेना. नवरा राजीव कामासाठी आठवडाभर टेक्ससमध्ये प्लेनोला असे आणि शुक्रवारी रात्री उशिरा घरी येई. हॅलोविन नेमका शुक्रवारीच होता. तिने त्याला फोन लावला.

"अगं, काप ना बिनधास्त," तो म्हणाला. "इथे कोण बघायला येणारे?"

"बघण्याचा प्रश्न नाहीये."

"मग मी फोनवरून 'कापला' म्हणतो. रिमोट ॲक्सेस. चालेल?"

नंदा हसली नाही. नैना भोपळ्याला कवटाळून जमिनीवर बसली होती. "एव्हरीबडी हॅज वन, आई," ती म्हणाली. "फक्त आपलं दार एम्प्टी आहे."

मित्रांनो, मी जन्मलो तो त्या रिकाम्या दारापायी. नंदा कराडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे. लग्नानंतर ती नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आली, आणि त्या व्हिसावर येणाऱ्याला नोकरी-व्यवसाय करण्याची मुभा नव्हती. कित्येक दिवसांत तिच्या बोटांना रंग लागला नव्हता. त्या दुपारी तिने जुनी वर्तमानपत्रे पाण्यात भिजत घातली. भिजवलेली मेथी वाटून त्यात मिसळली, म्हणजे कीड लागत नाही. मैद्याची खळ शिजवली. मग नैनाच्या भोपळ्याला तेलाचा हात फिरवून त्याच्यावर तिने लगद्याचे थरावर थर चढवले. त्या खऱ्या भोपळ्याच्या अंगावर मी हळूहळू आकार घेतला. घरामागच्या लाकडी डेकवर, पानगळीच्या उन्हात, मी वाळलो.

पण आतला भोपळा बाहेर कसा काढायचा? नंदाने सुरी घेतली आणि माझ्या कवचावर वरपासून खालपर्यंत सर्व बाजूंनी फिरवली, अशा बेताने की आतल्या सालीला पाते लागू नये. तेव्हा तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी दोन अर्धुके होऊन निघालो. तिने मला पुन्हा सांधले. माझ्या पोटावरची ही उभी रेघ त्या सांध्याची आहे. नैनाचा पुढचा दात त्याच आठवड्यात पडला होता, म्हणून माझ्या हसण्यातही तिने एक खिंडार ठेवले. दिवाळीच्या माळेतला एक छोटा दिवा माझ्या आत लावला. खऱ्या भोपळ्याला राजीवने शनिवारी सकाळी पहिली चीर दिली आणि नंदाने त्याचे घारगे केले.

हॅलोविनच्या संध्याकाळी दारात आलेली मुले खाऊ घ्यायचे विसरून माझ्याकडे पाहत उभी राहत. नैना प्रत्येकाला सांगे, "माय आई मेड इट." माझ्या आयुष्यात हे वाक्य मी फक्त त्या एका संध्याकाळी ऐकले.

त्याच संध्याकाळी वीणाताई आल्या. त्यांचे घर याच रस्त्यावर, थोडे पुढे. या देशात येऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. त्या इथल्या नागरिक होत्या. मुले कॉलेजात दूर गेल्याने घर शांत झाले होते. मी त्यांना दुष्ट म्हणणार नाही. नंदाला गाडी येत नव्हती तेव्हा त्यांनीच तिला वाणसामानाला नेले. नैना तापाने फणफणली तेव्हा इस्पितळात त्याच बसून राहिल्या. त्यांनी मला हातावर तोलले, उलटे करून पाहिले.

"नंदा, हे तू केलंस? अगं, आपल्या गावात लोकल आर्टिस्ट लोकांचा शो असतो. हॅलोविनच्या वस्तू, ख्रिसमसची गिफ्ट्स, सगळं हातानं केलेलं. तिथं हे हातोहात जाईल."

"मला नाही विकता येत, वीणाताई. व्हिसा."

"माझ्या नावावर ठेवू. पैसे आपल्या इथल्या मराठी शाळेला देऊन टाकू, म्हणजे तुझ्या डोक्याला ताप नाही. नाव काय गं, कुणाचं का असेना. वस्तू लोकांच्या घरी जाते ना?"

नंदाने थोडा विचार केला आणि मान हलवली. तिला पैसा नको होता. आपल्या हातचे काम कुणीतरी परके माणूस थांबून पाहील, एवढ्याचीच तिला भूक होती. परंतु त्यासाठी आपण काय देऊन बसत आहोत, हे तिला त्या वेळी कळले नाही.

पुढच्या शरदात एका सभागृहात ते प्रदर्शन भरले. माझ्याभोवती मक्याच्या सालपटांच्या बाहुल्या होत्या, लोकरीची भुते, मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या. तिथला नियम असा, की कलावंताने स्वतः आपल्या टेबलापाशी उभे राहायचे आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाशी सही करायची. नंदाने वर्षभर खपून माझी कितीतरी भावंडे घडवली होती. वीणाताईंनी त्यांच्या बुडाशी लपेटदार सही केली. मी विकायचा नव्हतो, नमुना होतो. तरी माझ्याही बुडाशी तीच सही झाली. नंदा टेबलाच्या कडेला उभी राहून गिऱ्हाइकांना वस्तू कागदात गुंडाळून देत होती. घरून निघताना तिने नैनाला बजावले होते, "कुणी विचारलं तर वीणामावशीनं केलंय म्हणायचं. नाहीतर बाबांच्या व्हिसाला प्रॉब्लेम येईल." नैनाने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली होती.

एका बाईने माझ्या पोटावर बोट फिरवून विचारले, ही रेघ कशासाठी? वीणाताई क्षणभरही अडखळल्या नाहीत. त्यांनी इंग्रजीत सांगितले, की भारतात भोपळा म्हणजे वर्षाचे दोन अर्धे भाग, एक उजेडाचा आणि एक अंधाराचा. बाई भारावून दोन भोपळे घेऊन गेली.

"वीणाताई, तो नुसता सांधा आहे," नंदा हळूच म्हणाली.

"माहितीये गं. पण सांधा कोण विकत घेतं? लोकांना स्टोरी लागते."

दोघी हसल्या. तेव्हा ते दोघींनाही गमतीचे वाटले.

मित्रांनो, माझी भरभराटीची वर्षे ती हीच. स्थानिक वर्तमानपत्रात मला हातात घेतलेला वीणाताईंचा फोटो आला. सणासुदीला भेट म्हणून लोक माझी भावंडे एकमेकांना देऊ लागले. 'वीणाचे भोपळे' हे नाव गावात रूढ झाले. ती उभी रेघ तर त्यांची ओळखच ठरली. मला वीणाताईंच्या घरी दर्शनी कपाटात जागा मिळाली. पाहुणे येत, कौतुक करीत, आणि वीणाताईंच्या चेहऱ्यावर जो उजेड पडे तो खोटा नव्हता. हळूहळू त्या म्हणू लागल्या, "यंदा मी जरा मोठे करणारे." नंदा समोर बसलेली असली तरी त्या असे म्हणत. एकाच खोलीत माझी घडवणारी आणि माझी म्हणवणारी अशा दोघी चहा पीत बसत आणि मी काचेआडून त्यांच्याकडे पाहत राही. मला तोंड कोरलेले आहे, जीभ दिलेली नाही.

२००७च्या उन्हाळ्यात ग्रीन कार्डच्या अर्जांची रखडलेली रांग अचानक पुढे सरकली. कार्ड लगेच आले नाही, परंतु काही महिन्यांनी नंदाच्या हाती कामाचा परवाना पडला. त्या वर्षी ती अधिक वेळ डेकवर बसली. २००८च्या शरदात तिने एक नवा भोपळा केला, माझ्याहून कितीतरी देखणा, आणि त्याच्या बुडाशी प्रथमच स्वतःचे नाव घातले. तो घेऊन ती प्रदर्शनाच्या निवडीला गेली. मी तिथेच, वीणाताईंच्या टेबलावर, नमुना म्हणून बसलो होतो.

निवड करणाऱ्या मार्जरीबाई वयस्क आणि मायाळू होत्या. त्यांनी नंदाचा भोपळा फिरवून पाहिला, रेघेवर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले.

"तू वीणाबरोबर येतेस ना? तिची मदतनीस," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "छान शिकलीस गं. हात चांगला आहे तुझा. पण आम्ही इथे नक्कल घेत नाही. ही वीणाची शैली आहे. स्वतःचं असं काहीतरी करून आण, मी आनंदाने घेईन."

नंदाने वीणाताईंकडे पाहिले. वीणाताई कागद सरळ करीत होत्या. सभागृहात सगळीकडे बोलण्याचा गलबला होता. मला मात्र त्यांच्या बोटांखालच्या कागदाची चुरचुर तेवढी ऐकू आली. मग मान वर न करता त्या म्हणाल्या, "शी हॅज हेल्प्ड मी अ लॉट."

मार्जरीबाईंनी नंदाच्या दंडावर थोपटले आणि भोपळा परत केला.

वीणाताईंच्या घरी पोहोचल्यावर, गॅरेजमध्ये खोकी उतरवताना, नंदा म्हणाली, "वीणाताई, तुम्ही एक शब्द बोलला असता तर."

"काय बोलले असते? इतकी वर्षं खोटं बोलले म्हणून सांगू? सगळं गाव ओळखतं मला." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि माझं सोड. ग्रीन कार्ड अजून हातात नाही ना तुमच्या? व्हिसावर असताना तू काय काय केलंस ते बाहेर आलं तर? राजीवला विचार एकदा."

"धमकी देताय?"

"वेडी आहेस का? काळजीनं सांगतेय." त्या खरोखर काळजीनेच सांगत होत्या, हे त्यातले सर्वांत कडू. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "पुढच्या वर्षीचे करशील ना?"

"नाही," नंदा म्हणाली. "हा पहिला तेवढा मला परत द्या."

"ने की. जुनाच झालाय तो."

राजीवनेही तेच सांगितले. "नंदा, प्लीज. कार्ड येईपर्यंत तोंड उघडू नकोस. एका भोपळ्यासाठी सगळं पणाला लावायचं?" त्याचे चुकत होते असेही म्हणवत नाही. नंदाने आपला नवा भोपळा डेकवर नेला. आता तिच्या हातात सुरी होती आणि हात अडला नाही. तिने त्याचे बारीक तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

मला तिने बैठकीच्या खोलीत, खिडकीशी ठेवले. काही दिवसांनी नैनाची एक मैत्रीण घरी आली. तिने मला उचलले, माझ्या खिंडाराच्या हसण्याला हसली आणि विचारले, "धिस इज सो क्यूट. हू मेड इट?"

स्वयंपाकघरात नंदाचे लाटणे थांबले.

"वीणामावशी," नैना पुस्तकातून डोके न काढता म्हणाली. "शी मेक्स देम एव्हरी इयर."

तिने हे भीतीने म्हटले नाही, की लपवण्यासाठी म्हटले नाही. तिला तसेच आठवत होते. आईने शिकवलेले उत्तर इतक्या वेळा देऊन झाले होते, की त्याच्याखालची ती पहिली संध्याकाळ पार पुसून गेली होती. नंदा दारापर्यंत आली. मग तिने विचारले, "दोघींना गरम पोळी वाढू का?"

त्याच रात्री मी या फळीवर आलो.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसते त्याचे मला दुःख नाही. धूळ फडक्याने जाते. तुम्ही जत्रेत, प्रदर्शनात, सणाच्या बाजारात हाताने केलेल्या वस्तू घ्याल, कुणाला प्रेमाने भेट द्याल. त्या जपून ठेवा, उन्हापावसापासून सांभाळा. पण त्याआधी, ती वस्तू हातात असतानाच, टेबलाच्या कडेला गप्प उभे राहून कागद गुंडाळणाऱ्या माणसाच्या बोटांकडे एकदा पाहा. नखांच्या कडांना रंग दिसला, तर प्रश्न त्यालाच विचारा. आणि तुमच्यासाठी तुमच्या आईने काही घडवले असेल, तर ते तिने घडवले एवढे लक्षात ठेवा. निदान तुम्ही तरी.