बारा नंबरचा मुका इंटरकॉम

मित्रांनो, प्रस्तुत लेखात मी माझा जन्म, माझी सेवा आणि माझ्यामुळे एका मुलीवर ओढवलेला प्रसंग यथाशक्ती निवेदन करणार आहे.

मी एक जुना इंटरकॉम आहे. कारखान्यातून निघालो तो थेट विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात, बारा नंबरच्या खोलीच्या भिंतीवर येऊन स्थिरावलो. "वडील आलेत, खाली ये" असे निरोप पोचवण्यात माझे तारुण्य गेले. पुढे घरोघरी मोबाईल झाले आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले.

मग साथ आली. मला काहीच उमगेना. माणसे तोंड झाकून का बोलतात? प्राध्यापक एवढ्याशा पडद्यात कसे मावतात? पहारेकरी मामा रोज सकाळी येऊन माझ्यावर जंतुनाशक फवारीत.

"मामा, फोनला न्हाऊ घालताय की काय?" खोलीतली मुलगी हसे.

"असू दे गं. एक जंतू वाचता कामा नये!"

ते पाणी माझ्या बोलण्याच्या छिद्रांत मुरले. कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण मला कोणी उचलतच नव्हते.

वसतिगृह रिकामे झाले. गाड्या बंद झाल्याने ही एकटी राहिली. तिला ताप आला, तेव्हा चौदा दिवस दार बंद झाले. ताट दाराबाहेर ठेवून माणसे लगबगीने का परततात, हेही मला कळेना. ती आईला "मजेत आहे" सांगे. पुढे तेही बोलवेना, म्हणून तिने मोबाईल बंद करून उशीखाली सारला.

सहाव्या दिवशी दुपारी तिने मला उचलून विद्यार्थी मदत केंद्राचा नंबर फिरवला.

"मला फार भीती वाटते हो..."

"हॅलो? कोण आहे?" पलीकडून बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदाही तेच. मला दोघींचे ऐकू येत होते, तरी तिचा शब्द तारेत शिरत नव्हता. मी पुरता गोंधळलो. ती पुटपुटली, "कुणालाच माझं ऐकायचं नाही."

तरी तिने तिसऱ्यांदा नंबर लावला.

"आवाज येत नाहीये, पण इथे दिसतंय, बारा नंबरचाच फोन पुन्हा आलाय. मी ठेवत नाही. ऐकू येत असेल तर एक बटण दाब, बाळा."

तिने दाबले. माझ्या पोटातून 'टूं' असा स्वर निघाला.

"शाब्बास! आता हो म्हणजे एकदा, नाही म्हणजे दोनदा. डॉक्टर हवेत?"

दोनदा.

"आईशी बोलायचंय?"

तिने उशीकडे पाहिले. मग एकदा.

तिचा मोबाईल लागेना, म्हणून बाईंनी मामांना कळवले. थोड्याच वेळात मामा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. "पोरी, मोबाईल चालू कर. त्या फोनला मीच बुडवलाय गं!"

रडता रडता तिला हसू फुटले. तिने मोबाईल लावला. "आई, मी बरी नाहीये," ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिचे हे पहिले खरे वाक्य होते.

मित्रांनो, आम्हाला पुसा, पण भिजवू नका. आणि पलीकडून आवाज आला नाही, तरी लगेच फोन ठेवू नका.

वाचकांचे आभार मानतो.

आपला नम्र,
बारा नंबरचा इंटरकॉम

(त्याच्या वतीने लिहिणारा: पहारेकरी मामा)