गाझीच्या मजल्याच्या सळ्या

कपाटातले चहाचे पेले आपोआप किणकिणले, तशी रुदैना दचकली. वर गच्चीत कोणीतरी लोखंड कापत होतं. लहानग्या तैमला, आपल्या मुलाला, कडेवर घेऊन ती जिन्याने धावली.

कॅनडाला गेलेला तिचा नवरा गाझी जॉर्डनमध्ये, इर्बिदला परतला की इथे त्यांचा मजला चढणार, म्हणून सासऱ्यांनी खांबांच्या सळ्या उंच राखल्या होत्या. त्यांनाच दोरी बांधून ती कपडे वाळत घाली आणि ओल्या चादरींच्या आडोशाला आपलं स्वयंपाकघर मनात आखत बसे.

"काका, हे काय?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"सोलर बसवतोय, पोरी. या सळ्यांवर कबुतरं येऊन बसली, तुझा नवरा काही आला नाही!" म्हातारा हसला, पण तोंड फिरवून.

एक सळई खणकन पडली. तैमने आईची बाही ओढली.

"आई, बाबा येणार नाहीत असं आजोबांना कुणी सांगितलं?"