माळावरची ‘सरकारी’

त्या खोकड मादीला, माळावरच्या छोट्या कोल्हीला, वस्तीवर सगळे ‘सरकारी’ म्हणत, कारण तिच्या गळ्यात वनखात्याचा माग काढायचा पट्टा होता. मांजराहून जरा मोठी, शेपटीचं टोक काळंभोर. निम्मा माळ कुंपणात गेला, उरलेल्यावर झाडं लावून गवत मारलं गेलं, तरी ती दर हंगामात पिल्लं वाढवत होती. तिच्यावर लक्ष ठेवणारी जनावरांची डॉक्टरीण याच वस्तीतली.

यंदा कुत्र्यांमध्ये डिस्टेंपर या जीवघेण्या रोगाची साथ आली. ती साथ माळावरच्या खोकडांपर्यंत जाऊ नये म्हणून डॉक्टरणीनं दारोदार फिरून कुत्र्यांना लस टोचली. अडून बसला तो तिचा सख्खा धाकटा भाऊ.

“ताई, माझी कुत्री शिकारी आहे. सुई टोचली की मऊ पडते म्हणे.”

“म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव.”

“जगाला शिकव तुझं शहाणपण. मला नको.”

घरात भांडण नको म्हणून तिनं विषय सोडून दिला.

महिनाभरात सरकारी भर दुपारी रस्त्यावर आली. जबडा आपोआप हलत होता, तोंडाला फेस होता. माणसं जवळ गेली तरी पळेना. डॉक्टरणीनं टॉवेलात गुंडाळून तिला दवाखान्यात नेलं. या टप्प्याला औषध नव्हतं. तिनं पट्टा काढला, कायमच्या झोपेचं इंजेक्शन दिलं आणि छाती थांबेपर्यंत हात तिथेच ठेवला.

मग पिल्लांसाठी डॉक्टरीण बिळाकडे धावली. तिथे भाऊ फावडं टेकून उभा होता.

“माझी कुत्री साथीत गेली, ताई. मागे याच बिळात तोंड घालताना दिसायची. म्हटलं बघावं.”

दोघांनी मिळून बीळ उकरलं. पिल्लं गार पडली होती. एकच धुगधुगत होतं. भावानं ते सदऱ्यात घेतलं. दवाखान्याच्या फरशीवर बसून तो त्याला थेंबथेंब दूध पाजत राहिला. आठवडाभरानं पिल्लालाही झटके सुरू झाले, आणि तेही आईसारखंच दवाखान्यातल्या टेबलावर इंजेक्शननं गेलं.

“माझ्यामुळे झालं ना?”

तो ‘नाही’ ऐकायला आला होता.

“हो,” डॉक्टरीण म्हणाली. “आणि मी तुझ्यापुढे गप्प बसले, त्यामुळेही.”

बराच वेळ तो हात धूत राहिला.

“पुढची वस्ती कुठली?”

“टेकडीपलीकडची.”

“कुत्री मी धरतो.”

लशीची पेटी त्यानंच उचलली. जीप माळावरून गेली तेव्हा दोघांनीही बाहेर पाहिलं नाही. त्या वर्षी तिथे एकही खोकड दिसलं नाही.