दगडाच्या आडोशाला

मिठबावच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी जी वाडी आहे, तिथला काशीराम तारी. जातीचा गाबीत, जन्म पाण्यावरचा, पण पोटासाठी फौजेत गेला आणि बासष्टच्या लढाईत थेट बर्फात जाऊन पोचला. परत आला तो पायांची चार बोटं तिकडेच ठेवून.

वर्षाली त्याची नात. तिचा आजोबांवर फार जीव. पागाचं जाळं खाडीत फेकायला तिला त्यांनीच शिकवलं. "चेडवाक कित्याक व्हया ह्या?" असं शेजारणी म्हणायच्या, तर काशीराम हसून विचारायचा, "कित्याक, तिका भूक लागना नाय?"

दर नोव्हेंबरात तो आंब्याची साठं फडक्यात बांधून एसटीने वेंगुर्ल्याला जायचा, आणि जरा मोठी झाल्यावर वर्षालीलाही न्यायचा. तिथे मथुरा राहायची. तिचा भाऊ परशुराम काशीरामच्याच पलटणीत होता, तो बर्फातून परत आलाच नाही. काशीराम त्या घरी पहिल्यांदा गेला आणि काय घडलं ते त्याने सांगितलं, तेव्हा परशुरामच्या आईने त्याला उंबऱ्यावरूनच हाकललं होतं. पुढच्या वर्षी तो परत गेला. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग एकदा मथुरेने त्याला आत बोलावलं आणि पान वाढलं. तेव्हापासून तो वर्षातून एकदा तिथे जेवायचा. दोघं फारसं बोलायची नाहीत.

नव्याण्णव साली कारगिलची लढाई पेटली. देवळासमोर सभा भरली आणि वाडीतला एकुलता एक फौजी म्हणून काशीरामला बोलायला उभं केलं. पोरांना तोफा ऐकायच्या होत्या. काशीरामने माईक हातात घेतला आणि म्हणाला, "आमच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. मागे फिराचो हुकूम इलो. मागे फिरलाव म्हणजे पळालाव. परशुरामाचे पाय काळे पडलेले, तेका चलाक येय नाय. तेना पाणी मागल्यान. मी तेका दगडाच्या आडोशाक बसवलंय आणि पुढे गेलंय. पोरांनू, लढाई म्हणजे ह्या."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. झेंडावंदनाचं बोलावणं त्यानंतर त्याला कधी आलं नाही. चहाच्या टपरीवर त्याचं नाव 'पळपुटो' पडलं. काशीराम त्या टपरीवरून रोज जायचा, मान खाली न घालता, पण थांबायचा नाही. एकदा वर्षाली रडत म्हणाली, "आजोबा, कित्याक सांगितलास तुमी?"

"मग काय सांगू?" तो म्हणाला. त्याला खरंच दुसरं काही सुचलं नव्हतं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तो गेला. खांदेकरी शेजारच्या वाडीतून आणावे लागले.

दोन वर्षांनी वर्षालीचे वडील, सुदेश, पंचायतीच्या निवडणुकीच्या तयारीला लागले आणि वाडीच्या तोंडाशी काशीरामच्या नावाची कमान बांधायचं ठरलं. वर्षालीला बरं वाटलं. उद्घाटनासाठी बापाने मथुरेला आणायला गाडी पाठवली, तेव्हा तर तिला बापाचा अभिमानच वाटला. मंडपात पुढच्या खुर्चीवर मथुरेला बसवलं, शाल-श्रीफळ दिलं. मग निवेदक शुद्ध भाषेत बोलू लागला: "शत्रूच्या गोळीबारात जखमी मित्राला खांद्यावर घेऊन हा वीर तीन दिवस बर्फ तुडवत राहिला! अखेर परशुरामने त्याच्या मांडीवर प्राण सोडले, आणि त्या हुतात्म्याची भगिनी आज आपल्यात आहे!"

टाळ्या पडल्या. मथुरेने वर्षालीचा हात धरला. "कोणाच्या मांडयेर गो?"

मथुरेने शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि काठी टेकत बाहेर पडली.

मंडपामागे वर्षालीने बापाला गाठलं. "बाबा, ह्या खोटा आसा. आणि तिका कित्याक आणलास?"

"ती पुढे बसली नसती तर कोणाक खरा वाटला नसता," सुदेश म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "माझ्या बापाशीक जित्तो आसताना लोकांनी गाळी दिल्यानी. तेचो झील म्हणान मीया पण खाल्लंय. आज हार घालतत तर तुका बघवना नाय?"

वर्षाली धावत एसटीच्या थांब्यावर गेली. मथुरा तिथे दगडी कट्ट्यावर बसली होती. परत गाडीत बसायला तिने नकार दिला होता.

"सरकारान कळवल्यान, बेपत्ता," ती वर्षालीकडे न बघता म्हणाली. "बेपत्ता म्हणजे काय गो? माझी आवस मरासर दाराकडे बघीत रवली. काशीरामान सांगल्यान तेव्हा कळला, माझो भाव खंय बसान रवलो ता. तेवढा एकच खरा होता माझ्याकडे. म्हणान तेका जेवक वाढलंय." तिने पदराने तोंड पुसलं. "ता आज तुमी काढून घेतलास."

एसटी आली. चढताना वर्षालीने हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

सुदेश निवडून आला. पुढच्या पावसाळ्यात मथुरा गेल्याचं कळलं, तशी वर्षाली एकटीच वेंगुर्ल्याला गेली. मथुरेचा मुलगा बाबली अंगणात सूप घेऊन बसला होता. "तुमी काशीराम तारींची नात?" तो उठून उभा राहिला. "इलास ता बरा झाला. आमच्या मामाक तुमच्या आजोबांनी खांद्यार घेवन आणल्यानी. हय सगळ्यांका म्हायत आसा."

"नाय," वर्षाली म्हणाली. "आजोबांनी त्यांका दगडाच्या आडोशाक सोडलेल्यानी. तुमच्या आवशीक ता म्हायत होता."

बाबलीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "आवस म्हातारी झाली होती, तिका भ्रम पडलेलो. आणि तुमच्या बापाशीनच माका सांगितल्यान. ता काय खोटा?"

मग खाली बसून तो सुपातले तांदूळ निवडू लागला. वर्षाली थोडा वेळ उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही.